रोमन नागरिक संत पॉल

इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राभोवतीच्या सर्व प्रदेशांवर रोमची सत्ता होती. परंतु त्या साम्राज्यात राहणारा प्रत्येक जण रोमचा नागरिक नव्हता. प्रांतांतील बहुसंख्य लोक केवळ प्रजाजन होते आणि गुलाम तर मालकाची मालमत्ता समजले जात. नागरिकाला मात्र रीतसर चौकशीवाचून फटके मारण्यास कायद्याने बंदी होती. अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध थेट सम्राटाकडे दाद मागण्याचा हक्कही त्याला होता. ख्रिस्ती धर्माचे पहिले थोर प्रसारक संत पॉल यांच्या आयुष्याला या भेदाने अनेकदा वळण दिले.

आजच्या तुर्कस्तानातील तार्सस या शहरात एका ज्यू कुटुंबात पॉल यांचा जन्म झाला. शौल हे त्यांचे ज्यू नाव. जेरुसलेममध्ये गमालिएल या विख्यात धर्मशास्त्र्याकडे त्यांचे शिक्षण झाले. तंबू तयार करणे हा त्यांचा व्यवसाय होता. आरंभी ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारे पॉल दमास्कसच्या वाटेवर आलेल्या साक्षात्कारानंतर त्याच पंथाचे प्रचारक झाले. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार रोमचे नागरिकत्व त्यांना जन्मानेच लाभले होते.

मॅसिडोनियातील फिलिप्पै या रोमन वसाहतीत पॉल आणि त्यांचे सहकारी सीलास यांना जमावाच्या तक्रारीवरून छड्यांनी मारून कोठडीत टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हा पॉल यांनी जाण्यास नकार दिला. चौकशीवाचून नागरिकांना भर चौकात मारले होते. तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, असा त्यांनी आग्रह धरला. घाबरलेल्या अधिकाऱ्यांना येऊन विनवणी करावी लागली. पुढे करिंथ येथे गॅलिओ या प्रांताधिपतीसमोर त्यांच्यावर फिर्याद झाली. हा ज्यूंच्या धर्मशास्त्राचा अंतर्गत वाद आहे, असे म्हणून त्याने ती ऐकण्याचेच नाकारले. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून गॅलिओचा कार्यकाळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पॉल यांच्या चरित्रातील हा सर्वांत भक्कम कालनिर्देश मानला जातो.

खरी कसोटी लागली ती जेरुसलेममध्ये. परधर्मीयाला मंदिराच्या आतील आवारात नेल्याच्या आरोपावरून जमाव त्यांच्यावर तुटून पडला. क्लॉडियस लिसियस या रोमन सेनाधिकाऱ्याने त्यांना सोडवले खरे. पण चाबकाचे फटके मारून सत्य वदवून घेण्याचा हुकूमही दिला. बांधले जात असतानाच पॉल यांनी आपण रोमन नागरिक असल्याचे सांगितले आणि तो हुकूम तिथेच थांबला. लिसियसने स्वतः मोठी रक्कम मोजून नागरिकत्व मिळवले होते. त्या काळी नागरिकत्वाचा खोटा दावा करणाऱ्याला देहदंड होऊ शकत असे. त्यामुळे असा दावा सहसा कोणी उगाच करत नसे.

कायद्याने फटके वाचवले, परंतु न्याय दिला नाही. कैसरिया येथे फेलिक्स या राज्यपालाने लाचेच्या आशेने पॉल यांना दोन वर्षे तुरुंगात ठेवले. त्याच्यानंतर आलेल्या फेस्तुसने खटला जेरुसलेमला नेण्याचे सुचवताच, तेथील धोका ओळखून पॉल यांनी सम्राटाकडे दाद मागितली. राजा अग्रिप्पाच्या मते, ही दाद मागितली नसती तर त्यांची सुटका होऊ शकली असती. जीव वाचवण्यासाठी वापरलेल्या हक्काने त्यांना नीरोच्या रोमकडे नेले. वाटेत माल्टा बेटाजवळ जहाज फुटले. रोममध्ये ते दोन वर्षे भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली राहिले. पुढे नीरोच्याच कारकिर्दीत त्यांचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे. त्याच परंपरेनुसार संत पीटर यांना क्रूसावर मरण आले. क्रूस हा प्रामुख्याने गुलामांचा आणि परक्यांचा दंड होता, तर तलवारीचा घाव नागरिकाचा. मरणातही भेद राहिला.

पॉल यांनी आपल्या पत्रांत रोमन नागरिकत्वाचा कोठेही उल्लेख केलेला नाही, शिवाय तीन वेळा छड्यांचा मार खाल्ल्याचे लिहिले आहे. म्हणून काही अभ्यासक त्या नागरिकत्वाविषयी शंका घेतात. मात्र फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळींना त्यांनी स्वर्गीय नागरिकत्वाची आठवण करून दिली आणि ख्रिस्ताच्या ठायी गुलाम व स्वतंत्र हा भेद उरत नसल्याचे गलतीकरांना लिहिले. तरीही अनेसिम या गुलामाला त्यांनी मालकाकडे परत पाठवले. त्याला बंधू मानावे, अशी विनंती मात्र सोबतच्या पत्रात केली.

इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. परंतु तोवर शिक्षा देताना प्रतिष्ठित आणि सामान्य असा नवा भेद रूढ झाला होता. सामान्य नागरिकाच्या पाठीवर चाबूक पुन्हा पडू लागला होता. ज्या हक्काच्या नुसत्या उच्चाराने पॉल यांचे बंध सुटले, तो सर्वांच्या हाती आला तेव्हा त्यातले बळ बरेचसे ओसरलेले होते.