क्नूट रॉकनी : एका क्रीडागुरूचे चरित्र

आपल्या तरुण मंडळींस खेळाची ओढ असते व वडिलधाऱ्यांस त्यांच्या भक्तीची चिंता. या दोहोंत वैर नाही, हे दाखविणारे एक चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहो.

क्नूट रॉकनी यांचा जन्म ता. ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वे देशातील व्हॉस गावी, लुथरन कुटुंबात झाला. पाच वर्षांचे असता ते अमेरिकेत शिकागो शहरी आले. पुढे तेथील पोस्टात नोकरी करून त्यांनी पैसा साठविला व १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात नाव घातले. पवित्र मरियेच्या नावाचे हे विद्यापीठ होली क्रॉस संघाच्या फादर सोरिन यांनी १८४२ साली स्थापिले होते.

ता. १ नोव्हेंबर १९१३ रोजी या संघाने वेस्ट पॉइंटच्या बलाढ्य लष्करी विद्यालयास अमेरिकन फुटबॉलात ३५ विरुद्ध १३ गुणांनी हरविले. चेंडू पुढे फेकून धावत्या गड्याने झेलावयाचा, हा तोवर थोडाच वापरात असलेला डाव रॉकनी व त्यांचे सोबती डोरे यांनी त्या दिवशी गाजविला.

१९१८ साली रॉकनी मुख्य शिक्षक व क्रीडाविभागाचे संचालक झाले. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव व ५ बरोबरी, असा त्यांचा हिशेब आहे. १९२८ साली चार सामने गमावले, तरी ते खचले नाहीत. १९२९ साली नवे क्रीडांगण बांधले जात असल्याने सर्व सामने परक्या मैदानांवर झाले. पायाच्या दुखण्याने रॉकनी खुर्चीस खिळलेले. तरीही संघ अजिंक्य राहिला. इंडियानात कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनचा जोर असलेल्या त्या दशकात या विजयांनी आपल्या धर्मबांधवांची मान उंच केली.

परंतु गुरूनेही शिष्यांपासून काही घेतले. प्रवासातही पहाटे उठून पवित्र कम्युनियनला जाणारी मुले पाहून त्यांचे मन हलले, असे सांगतात. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्माचा स्वीकार केला.

ता. ३१ मार्च १९३१ रोजी, पवित्र आठवड्यातील मंगळवारी, कॅन्सस राज्यात विमानाचा लाकडी पंख मोडून रॉकनींसह आठही जण मृत्यू पावले. त्या हळहळीतून अमेरिकेत विमानांची तपासणी अधिक कडक झाली. पवित्र शनिवारी विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या मंदिरात त्यांचा अंत्यविधी झाला.

मैदानावरील मुलांची भक्ती कोण पाहत असेल, हे त्यांस ठाऊक नसते. आमच्या तरुणांनी एवढे ध्यानी ठेवावे, इतकीच आमची विनंती.