हाजी मुहम्मद मोहसिन आणि हुगळीचा वक्फ

इस्लामी कायद्यात लोककल्याणाच्या दोन वाटा ठळकपणे दिसतात. पहिली जकातीची. ऐपत असलेल्या मुसलमानावर ती बंधनकारक असून तिचे लाभार्थीही धर्मशास्त्राने ठरवून दिलेले आहेत. दुसरी वाट वक्फाची. ती ऐच्छिक आहे, परंतु एकदा स्वीकारली की मागे फिरता येत नाही. मालक आपला हक्क कायमचा सोडतो. त्यानंतर ती मालमत्ता विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटताही येत नाही. केवळ तिचे उत्पन्न नेमून दिलेल्या कार्यावर खर्च करावयाचे असते. या दुसऱ्या वाटेचे सामर्थ्य आणि तिची दुबळी बाजू, दोन्ही समजून घेण्यासाठी बंगालमधील हाजी मुहम्मद मोहसिन यांचे चरित्र उपयुक्त ठरते. त्या चरित्राचा महत्त्वाचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर घडला, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

मोहसिन यांचा जन्म 1732 साली हुगळी येथे झाला. भागीरथीच्या काठावरील हे गाव त्या काळी मोठे व्यापारी बंदर होते आणि तेथे इराणी वंशाची अनेक शिया घराणी स्थायिक झालेली होती. मोहसिन यांच्या आईचे पहिले पती आगा मोतहार यांनी मोगल बादशाहीच्या चाकरीत जहागीर मिळविली होती. ती त्यांनी आपली एकुलती कन्या मन्नूजान हिच्या नावे ठेवली. आगा मोतहार यांच्या निधनानंतर मोहसिन यांच्या आईने हाजी फैजुल्ला यांच्याशी विवाह केला आणि त्यातून मोहसिन जन्मले. म्हणजे मन्नूजान ही त्यांची सावत्र बहीण. परंतु दोघांचे शिक्षण एकत्र झाले आणि त्यांच्यातील जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला.

तरुणपणी मोहसिन प्रवासाला निघाले. इराण, इराक, अरबस्तान असे देश पाहत आणि मक्केची यात्रा करून ते अनेक वर्षांनी परतले. त्यांनी विवाह केला नाही. इकडे मन्नूजान निपुत्रिक विधवा झाली होती. 1803 साली तिचे निधन झाले आणि जेसोर भागातील सय्यदपूरच्या जमीनदारीसह तिची सारी मालमत्ता सत्तरी ओलांडलेल्या या फकिरी वृत्तीच्या भावाकडे आली. कुराणाच्या प्रती स्वहस्ते लिहून ते उदरनिर्वाह करीत, वेषांतर करून रात्री गरिबांना मदत करीत, अशा आख्यायिका बंगालमध्ये सांगितल्या जातात. त्या आख्यायिका म्हणूनच वाचाव्यात. त्यांचा वक्फनामा मात्र ऐतिहासिक दस्त आहे आणि अभ्यासकाने तोच हाती घ्यावा.

हा वक्फनामा 1806 सालचा. मृत्युपत्राऐवजी वक्फ का, असा प्रश्न येथे पडतो. इस्लामी कायद्यानुसार वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने केवळ एक तृतीयांश संपत्तीची व्यवस्था लावता येते. धडधाकट असताना केलेल्या वक्फाला ही मर्यादा नसते. मोहसिन यांनी उत्पन्नाचे नऊ वाटे पाडले. तीन वाटे मोहरमसारखी धर्मकृत्ये, इमामबाडा आणि दफनभूमीची दुरुस्ती यांसाठी; चार वाटे नोकरांचे पगार आणि निवृत्तिवेतने यांसाठी; उरलेले दोन वाटे व्यवस्था पाहणाऱ्या दोन मुतवल्लींसाठी. आज ज्यांना शिक्षणाचे महान आश्रयदाते म्हणून गौरविले जाते, त्यांच्या या दस्तात महाविद्यालयाचा उल्लेख नव्हता.

1812 साली मोहसिन यांचे निधन झाले आणि वक्फाची दुबळी बाजू लगेच उघडी पडली. मालमत्ता गोठवून सुरक्षित करता येते. मुतवल्लीचा प्रामाणिकपणा गोठवता येत नाही. शास्त्रकारांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी मुतवल्लीवर काझीची देखरेख ठेवली होती आणि अपहार करणाऱ्याला पदावरून काढण्याचा अधिकारही काझीला दिला होता. परंतु कंपनीच्या राज्यात काझीचे ते स्थान उरले नव्हते. 1810 च्या कायद्याने धर्मादाय मालमत्तांची देखरेख महसूल मंडळाकडे गेली होती. गैरव्यवहाराच्या तक्रारींवरून सरकारने मुतवल्लींना दूर केले आणि कारभार स्वतःकडे घेतला. त्यावरून सुरू झालेला दावा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1835 साली सरकारच्या बाजूने निकाली निघाला.

दरम्यान मोठी शिल्लक साचली होती. तिच्यातून 1836 साली हुगळी महाविद्यालय उघडले गेले. ज्या वाड्यात ते पुढे स्थिरावले तो चुंचुडा येथील वाडा दौलतराव शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने बांधलेला होता. मराठी वाचकाला हा योगायोग मौजेचा वाटेल. महाविद्यालय नावारूपाला आले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तेथेच शिकले. परंतु विद्यार्थ्यांत मुसलमान फारच थोडे होते. दात्याचा हेतू सरकारने व्यापक केला की बाजूला सारला, यावर तीव्र वाद झाला. 1871 साली विल्यम हंटर यांनी आपल्या ग्रंथात सरकारवर कठोर टीका केली. ज्ञानदान हे पुण्यकार्य आहे, याविषयी इस्लामी परंपरेत दुमत नाही. आक्षेप होता तो दात्याने नेमलेल्या समाजाला त्याचा लाभ पोहोचत नाही, यावर. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप रास्त वाटतो. अर्थात, त्या वर्गांतून घडलेल्या पिढीचे मोलही नाकारता येणार नाही.

1873 साली सरकारने महाविद्यालयाचा खर्च स्वतः उचलला आणि मोहसिन निधी मुसलमान विद्यार्थ्यांकडे वळविला. ढाका, चितगाव व राजशाही येथे मदरसे निघाले आणि सरकारी शाळांतील गरीब मुलांच्या शुल्काचा बराचसा भार निधीने उचलला. हुगळीतच शिकलेले सय्यद अमीर अली 1876 ते 1904 या काळात इमामबाड्याच्या समितीचे अध्यक्ष होते. ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि वक्फाच्या कायद्याचे अधिकारी भाष्यकार म्हणून त्यांनी मान्यता मिळविली.