डॉ. ॲलेक्सी कॅरेल आणि न मरणाऱ्या पेशी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यामुळे छापलेले ते खरे, ही माझी लहानपणापासूनची समजूत. तिला पहिला तडा गेला तो आपल्याच ग्रंथालयात. एका जुन्या पुस्तकात वाचले की, शरीरातील पेशी स्वतः म्हाताऱ्या होत नाहीत; अन्न मिळत राहिले तर त्या कायम जगतात. घरी खाटेवर पडून असलेली आजी डोळ्यांपुढे आली. मग तिच्या पेशींनी काय पाप केले होते? त्याच कपाटातील नव्या पुस्तकात नेमके उलट लिहिलेले. नाव मात्र दोन्हीकडे एकच, डॉ. ॲलेक्सी कॅरेल.

कॅरेल यांचा जन्म १८७३ चा, फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळचा. वडील लवकर वारले. १८९४ मध्ये त्याच शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना सुरा भोसकला गेला. तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवणे तेव्हा कोणत्याच शल्यविशारदाला जमत नव्हते. तरुण कॅरेलना ही गोष्ट लागून राहिली. ते चक्क एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुई आणि रेशमी धागा चालवायला शिकले! वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणले की त्याचा त्रिकोण होतो आणि मग सरळ शिवता येते. माझी आई गोधड्या शिवते. तिला हे सांगितले, तर तिला त्यात नवल वाटले नाही.

पुढे ते अमेरिकेत गेले, १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले, आणि १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्या पेशी त्यांचे सहकारी एबेलिंग यांनी १९४६ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे सांभाळल्या. वर्तमानपत्रांतून त्यांचे कौतुक छापून येई. पेशी अमर असतात, हे मत पाठ्यपुस्तकांत पक्के झाले.

इतर प्रयोगशाळांत मात्र पेशी काही काळाने मरत. तेव्हा संशोधक काय समजत? आपलाच हात चुकला, आपलेच पोषकद्रव्य बिघडले. हे वाचताना मी थबकलो. वर्गात काही कळले नाही की माझेही हेच होते. पुस्तक चुकले असेल, हे मनातही येत नाही.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियात हेफ्लिक यांनाही आधी तसेच वाटले. पण त्यांनी मूरहेड यांच्यासह एक युक्ती केली. पुष्कळ वेळा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि ताज्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रात ठेवल्या. अन्न तेच, हात तोच. काही काळाने उरल्या त्या फक्त स्त्रीच्या पेशी! म्हणजे दोष पात्राचा नव्हता. माणसाची साधी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागते आणि थांबते. मग कॅरेल यांच्या पेशी कशा जगल्या? त्यांना अन्न म्हणून गर्भाचा अर्क घालत. त्यातूनच नव्या जिवंत पेशी पात्रात जात असाव्यात, असे हेफ्लिक यांनी सुचवले. कॅरेल यांनी जाणूनबुजून फसवले असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण चौतीस वर्षांत ते तपासून पाहायला हवे होते, एवढे खरे.

त्यांची दुसरी बाजू अधिक काळी आहे. १९३५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी काही गुन्हेगारांना आणि वेड्यांना वायूने मारावे असे सुचवले. जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ मध्ये, विशी सरकारने त्यांच्यासाठी संस्था उभारली. नोव्हेंबर १९४४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शत्रूला साथ दिल्याचा आरोप डोक्यावर होता. पेशींच्या मरणाला नाकारणारा हा माणूस माणसांच्या मरणाबद्दल असे लिहू शकला, हे मला अजून पचलेले नाही.

आजीला मी ही सारी गोष्ट सांगितली. तिने एवढेच विचारले, की त्या कोंबडीच्या पिलाचे पुढे काय झाले. ते अंड्यातून बाहेर आलेच नव्हते, हे सांगणे मला जड गेले.