तुकोबांचा एकांत आणि आवलीची पायपीट



सत्संगात एक प्रश्न नेहमी निघतो. संसारी माणसाला एकांत मिळायचा कुठून? आपल्या कुकटपल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट, सकाळचे डबे, कुकरच्या शिट्ट्या आणि खाली रस्त्यावर हॉर्न! अशा वेळी आम्हांला देहूचे तुकोबा आठवतात.

तुकाराम महाराज संन्यासी नव्हते. इंद्रायणीकाठी त्यांचं दुकान होतं, सावकारी होती. आई-वडील गेले, मग १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने धंदा बुडवला. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. मन उदास झालं आणि महाराज भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. परंपरा सांगते, पंधरा दिवस ते तिथे होते. धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला, तेव्हा ते त्याच्याबरोबर खाली उतरले.

ते घरी परतले, हेच आम्हांला मोठं वाटतं. कर्जखतांतला कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. पूर्वजांचं पडकं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं. पुढे दिवसा भंडारा डोंगरावर नामस्मरण, ज्ञानेश्वरी आणि नाथभागवताचं वाचन, आणि रात्री गावात कीर्तन. एकांतात जे मिळालं, ते त्यांनी रोज खाली आणून वाटलं.

पण त्या डोंगरावर भाकरी कोण नेत होतं? दुसरी पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली. तोंडाने फटकळ, पण नवरा जेवल्याशिवाय स्वतः घास घेत नसे, असं सांगतात. एकदा चढताना तिच्या पायात काटा मोडला, तो खुद्द विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. देव धावला तो तिच्यासाठी, हे आपण ऐकून सोडून देतो.

१६५० मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा आवली गरोदर होती. पोटातलं ते बाळ म्हणजे नारायण महाराज. त्यांनीच १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आज लाखो वारकरी चालतात, त्यात आवलीचेही कष्ट आहेत.

भंडाऱ्यावर जुनी बौद्ध लेणी आहेत. भिक्खूसुद्धा गावच्या भिक्षेवरच जगत. एकाच्या एकांतामागे नेहमी दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटलेली असते.

म्हणून बंधूंनो, एक विनंती. आपण जपाला बसतो तेव्हा चहा, डबा, दार, फोन कोण सांभाळतं, ते बघा. या गुरुवारपासून घरातल्या त्या माणसाला रोज अर्धा तास द्या. तेवढा वेळ ओटा आपण सांभाळायचा आणि तिने देवापुढे बसायचं. हाक मारायची नाही, मिठाचा डबा कुठे आहे तेही विचारायचं नाही! आणि भगिनींनो, तो अर्धा तास मिळाला की कपड्यांच्या घड्या घालत बसू नका.

सर्वांचं कल्याण होवो. जय गुरुदेव.

— आपल्या सेवेकरी भगिनी, कुकटपल्ली