हत्यार आणि हात

आमच्या घरात हत्यार हा शब्द मारामारीसाठी कधी वापरला गेला नाही. विळा हे हत्यार, खुरपे हे हत्यार, कानस आणि सांडशी हीसुद्धा हत्यारेच. आबा लोहारकाम करतात, आजोबाही तेच करीत. मी भात्याजवळ बसून लहानाचा मोठा झालो आणि आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच निघालो. या अंकात एखाद्या संताचे किंवा समाजसुधारकाचे चरित्र लिहायचे सोडून हा अमेरिकेतल्या एका पिस्तुलवाल्याच्या मागे का लागला, असे वाचकांना वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

विळ्याला मूठ बसवायची असली की आबा गिऱ्हाइकाच्या हातात आधी एक दांडके देतात. बोटांची टोके तळव्याला टेकतात की अधांतरी राहतात, हे नुसते बघतात. मग लाकूड तासायला घेतात. बाईमाणसाचा हात लहान असला तर मूठ बारीक, ऊसतोड्याच्या कोयत्याला भरदार. हत्याराने हाताला यायचे असते, हाताने हत्याराला नव्हे, हे मी न शिकवता शिकलो होतो.

पहिल्या वर्षाला मी एन.सी.सी.त गेलो. तिथे पॉइंट टू टू रायफल हातात आली. माझे हात आखूड. दस्ता खांद्याला लावला की चापापर्यंत बोट कसेबसे पोहोचायचे. पाच गोळ्यांतल्या दोन कागदाच्या बाहेर गेल्या. उस्तादांनी समजावले की रायफल सरकारी आहे, ती कोणासाठी बदलत नाही, जवानानेच तिच्याशी जमवून घ्यायचे. त्यांचे काही चुकले नव्हते. पण ते माझ्या मनातून जाईना. बंदुकीची मूठ कोणीच कधी मापाने केली नसेल का, हे शोधायला मी वाचनालयात बसलो आणि तिथे मला जॉन मोझेस ब्राउनिंग भेटला.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या युटा प्रांतात, ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनविणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे. इलिनॉयमधल्या नॉवू गावातून पंथाच्या लोकांबरोबर पश्चिमेकडे सरकत सरकत १८५२ मध्ये ते युटात आले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुले होती. एवढ्या मोठ्या खटल्यात एका पोराकडे कोण लक्ष देणार! जॉन वडिलांच्या दुकानातच वाढला. मोडक्या बंदुकांच्या ढिगातून तुकडे उचलायचे, कानशीने घासायचे, एकमेकांना लागतात का बघायचे, हाच त्याचा खेळ. दहाव्या वर्षी त्याने भंगारातली एक नळी आणि लाकडाची फळी जोडून ओबडधोबड बंदूक केली आणि भावाला बरोबर घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या, असे सांगतात. वडिलांनी कोंबड्या खाल्ल्या, पण बंदुकीच्या कामावर ते खूष नव्हते म्हणे. हे वाचून मला हसू आले. माझे पहिले खुरपे आबांनी एका शब्दाने न बोलता पुन्हा भट्टीत टाकले होते.

१८७९ साली वडील वारले आणि त्याच वर्षी, ७ ऑक्टोबरला, जॉनला पहिले पेटंट मिळाले. ती एकबारी रायफल होती. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये लहानसा कारखाना काढला. १८८३ मध्ये विंचेस्टर या बड्या कंपनीचे माणूस आगगाडीने ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलरला त्या रायफलीचे हक्क घेऊन गेले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जॉन नवी नवी बंदूक करी आणि विंचेस्टर ती विकत घेई. मध्ये दोन वर्षे, १८८७ ते १८८९, तो धर्मप्रचारासाठी जॉर्जिया राज्यात जाऊन आला. ती दोन वर्षे त्याच्या हातात कानस नव्हती.

तो नकाशे काढीत बसत नसे. कागदाच्या कपट्यावर दोन रेघा ओढायच्या आणि लगेच धातू कापायला घ्यायचा. भाऊ एड त्याच्या मनातले यंत्रावर उतरवून द्यायचा. सगळा भाग डोक्यात फिरताना दिसल्यावरच हात चालायचा. आमच्याकडेही नांगराच्या फाळाचा नकाशा कोणी काढीत नाही, म्हणून मला याचे फार नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. तो एकदा नेमबाजी बघत होता. गोळी सुटली की नळीच्या तोंडापुढचे गवत आडवे व्हायचे. हे सगळ्यांनाच दिसत होते. याने विचार केला की ही वाफ फुकट जाते आहे, तिच्याकडून पुढचे काडतूस भरण्याचे काम का करून घेऊ नये? त्यातून वायूच्या दाबावर आपोआप चालणारी बंदूक निघाली आणि तिची पुढे १८९५ ची कोल्ट मशीनगन झाली.

मग पिस्तुले आली. पिस्तुलाच्या नळीवर मागेपुढे सरकणारे जे लोखंडी कवच असते, ज्याला स्लाइड म्हणतात, ती त्याचीच कल्पना. आज जगातल्या बहुतेक पिस्तुलांत ती आहे. १९०२ मध्ये हक्काच्या पैशांवरून त्याचे विंचेस्टरशी बिनसले. तो रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर त्यांना त्याच दिवशी हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. मग तो बोट धरून थेट बेल्जियमला गेला. लिएज शहराजवळ हेर्स्टाल येथे एफ.एन. नावाचा कारखाना आहे. पुढचे निम्मे आयुष्य त्याने ऑग्डेन ते हेर्स्टाल अशा फेऱ्यांत घालविले.

आता मला ज्या पिस्तुलाविषयी लिहायचे आहे त्याकडे येतो. फिलिपाइन्समधल्या लढायांत अमेरिकन सैन्याला आपले .३८ चे रिव्हॉल्व्हर कमी पडते असे वाटले आणि .४५ चे पिस्तूल हवे अशी मागणी निघाली. ब्राउनिंगने कोल्ट कंपनीसाठी नमुना केला. सैन्य चाचणी घेई, दोष काढी, हा पुन्हा कानस हातात घेई. पहिल्या नमुन्याची मूठ जवळजवळ उभी होती, ती तिरपी केली, कारण मनगट सरळ ठेवले की नळी आपोआप समोर रोखली गेली पाहिजे. घोडदळातल्या शिपायाचा एक हात लगामात अडकलेला. त्याला एकाच हाताने पिस्तूल सुरक्षित करता यावे म्हणून अंगठ्याखाली सेफ्टीची कळ आली. मुठीच्या पाठीवर आणखी एक सेफ्टी होती. ती तळव्याने दाबली गेल्याशिवाय चाप चालतच नाही. म्हणजे पिस्तूल हातातून सुटले तर चाप ओढला जायचा नाही. हात ओळखणारे हत्यार असे मी याला म्हणतो. चाचणीत एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा झाडायचे. ब्राउनिंगचे एकदाही अडले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडले. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले आणि एम १९११ हे नाव पडले.

त्याच्या चापाची गंमत मला समजायला चार दिवस लागले. पुष्कळ बंदुकांचा चाप एका खिळ्याभोवती फिरतो. याचा चाप फिरत नाही. टेबलाच्या खणासारखा सरळ मागे सरकतो. मुठीत मॅगझिन असल्यामुळे मधून वाट नाही. म्हणून चापाला मागे एक पातळ चौकट आहे. ती मॅगझिनच्या दोन्ही अंगांनी मागे जाते आणि एका मधल्या तुकड्यामार्फत खटक्याला रेटते. खटक्याची धार घोड्याच्या खाचेत अडकलेली असते. ती निसटली की घोडा पडतो. ती धार आणि ती खाच किती घोटीव आहे, यावर बोटाला लागणारा सगळा अनुभव अवलंबून. खरखरीत असेल तर बोट अडखळते आणि नेम हलतो. घोटून आरशासारखी केली तर काचेची काडी मोडावी तसा चाप सुटतो. पण फार घोटली, कोन बिघडला, तर पिस्तूल आपणहून उडेल. तेव्हा हे काम जाणत्यानेच करायचे. अमेरिकेत ओहायो राज्यात कॅम्प पेरी येथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात. सैनिकी पिस्तुलांच्या स्पर्धेत चापाला वजन टांगून बघतात. चार पौंड, म्हणजे आपले पावणेदोन किलोहून थोडे जास्त, एवढे वजन त्याने पेललेच पाहिजे. त्याच्या आत राहून जेवढे हलके आणि स्वच्छ करता येईल तेवढे करणारे कारागीर तिथे नावाजले गेले.

पहिल्या महायुद्धात हे पिस्तूल लाखो हातांत गेले आणि मग तक्रारी आल्या. लहान हाताच्या शिपायाचे बोट चापापर्यंत नीट पोहोचेना. (मला इथे एकदम बरे वाटले.) घोडा मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातले मांस चिमटीत धरी. घाईने रोखले की नळी जरा खाली झुके. सैन्याने १९२० नंतरच्या काळात हे दुरुस्त केले. चाप आखूड केला, चापामागे सांगाड्याला दोन्ही अंगांनी खोबण दिली, मुठीवरच्या सेफ्टीची शेपटी लांबवली, मुठीची पाठ सपाट होती तिला फुगीर केले. १९२६ मध्ये या सुधारलेल्या नमुन्याला एम १९११ ए १ असे नाव मिळाले. तर पुढे असे झाले की मोठ्या हाताच्या नेमबाजांनी जुना लांब चाप आणि सपाट पाठ परत बसवून घेतली. म्हणजे उस्ताद म्हणाले तसे सरकारी हत्यार बदलत नाही हे खरे नाही. बदलते, पण एका लढाईनंतर.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळे मी आबांना सांगितले. चापाचे त्यांना माझ्याआधी कळले. घोटण्याचे त्यांना काय सांगायचे! मग त्यांनी विचारले की यातून पुढे काय झाले. मी सांगितले की २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या ते ब्राउनिंगच्याच नमुन्याचे, हेर्स्टालला बनलेले होते, आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले. आबा बराच वेळ भात्याची दोरी धरून बसले. मी आठवीत असताना आमच्याकडून दांडा बसवून नेलेली कुऱ्हाड बांधाच्या भांडणात चालली होती आणि एक माणूस गेला होता. पोलीस ऐरणीपर्यंत येऊन विचारून गेले. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आबांनी कुऱ्हाडीला हात लावला नाही. दांडा चांगला बसला होता, हेच त्यांना खात होते. आईने घरखर्चाचे बोलून दाखविले तेव्हा पुन्हा सुरुवात केली. ब्राउनिंगला असे कधी काही वाटले का, हे मी पुस्तकांत पुष्कळ शोधले. मिळाले ते एवढेच की १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा पिस्तूल, मशीनगन आणि स्वयंचलित रायफल यांचे हक्क त्याने सरकारला साडेसात लाख डॉलरला दिले, आणि रीतसर हिशेबाने त्याला याच्या कितीतरी पट मिळाले असते. यावरून त्याच्या मनातले काढता येत नाही. मला तो आवडतो आणि त्या आवडण्यात मी सुखी नाही, असे मी आबांना म्हणालो नाही, इथे लिहितो.

त्याची १२८ पेटंटे झाली. शेवटचे पिस्तूल तो फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून करीत होता. त्यात एक विचित्र अडचण होती. १९११ चे हक्क त्याने स्वतःच कोल्टला विकलेले. त्यामुळे आपल्याच युक्त्या चुकवून नवी वाट काढायची. चापाचा जोर त्याने मागे न नेता वर, स्लाइडमधल्या एका पट्टीतून फिरवून नेला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कचेरीत, हृदय बंद पडून तो गेला. वय ७१. या पिस्तुलाचे पेटंट पुढल्या फेब्रुवारीत मंजूर झाले. काम कारखान्यातल्या द्यूदोने सेव्ह याने पुरे केले आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचे पिस्तूल बाजारात आले. त्याला हाय पॉवर म्हणतात. मॅगझिन काढले की चाप चालू नये अशी एक योजना फ्रेंचांच्या हट्टाने त्यात घातली होती. तिच्यामुळे आणि त्या वळणाच्या वाटेमुळे चाप जड आणि खरखरीत झाला. ते पिस्तूल आवडणारे पुष्कळ जण पहिल्यांदा ती योजनाच काढून टाकीत. मूठ मात्र अशी की तेरा गोळ्या पोटात असून हातात जाड लागत नाही, असे ज्यांनी धरले ते सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यात बनले आणि त्याच नमुन्यावर आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत भारतीय सैन्यासाठी नऊ एम.एम. चे पिस्तूल होऊ लागले. उस्तादांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नोकरीत ते चालविले असल्याचे कळले. चाप जड होता, हे त्यांनीही मान्य केले.

आबांचा एक प्रश्न राहिला होता. सुट्टी संपवून निघालो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर त्यांनी तो विचारला. सेफ्टीची कळ डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्याची सोय झाली. डावखुऱ्याने काय करायचे? आमच्या गावात डावखुऱ्यांचे विळे ते उलटी धार देऊन करतात. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर वाचनात आले. दोन्ही अंगांना सेफ्टी असलेले हाय पॉवर १९८० नंतर निघाले. ब्राउनिंगला जाऊन तोवर पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. आबांना तसे पत्र टाकले आहे.