आर्सचे धर्मगुरु संत जॉन मारी व्हियानी

आमच्या धर्मग्रामांत आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें व त्यांच्या हातून झालेलीं कामें या स्मरणिकेंत वाचकांस अन्यत्र आढळतीलच. अशा यादींत बांधलेल्या भिंती दिसतात. निराशेंत काढलेल्या रात्री दिसत नाहींत. म्हणून येथें आम्ही एका अशा धर्मगुरूचें चरित्र थोडक्यांत सांगतों, कीं ज्यांस १९२९ सालीं पोप अकरावे पायस यांनीं धर्मग्रामाच्या गुरूंचे आश्रयदाते संत ठरविलें, आणि ज्यांनीं स्वतःच्याच धर्मग्रामांतून अनेकदां पळून जाण्याचा प्रयत्न केला होता.

व्हियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजीं फ्रान्स देशांत, लियों शहराजवळील दार्दिली या गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तो राज्यक्रांतीचा काळ. त्यांनीं पहिलें कम्युनियन घेतलें तें देवळांत नव्हे, तर एका घरांत, लपूनछपून. पुढें लॅटिन भाषेनें त्यांचा फार छळ केला. सेमिनरीच्या बांकावर बसून ज्यांनीं तें व्याकरण घोकलें आहे, त्यांस हें दुःख निराळें सांगावयास नको. आबे बॅले या गुरूंनीं नेट धरला म्हणूनच १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोब्ल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

१८१८ च्या फेब्रुवारींत त्यांची नेमणूक आर्स या खेड्यांत झाली. वस्ती सुमारें २३० माणसांची. आदितवारीं लोक शेतांत राबत, नाहींतर दारूच्या गुत्त्यांत व नाचांत रमत. नवे गुरु पहाटेपूर्वींच कंदील घेऊन देवळांत जात व पवित्र साक्रामेंतापुढें तासन् तास गुडघे टेकून बसत. आठवड्याचे बटाटे एकदांच उकडून ठेवावे आणि तेच शिळे खावे, असा त्यांचा क्रम असे. एक म्हातारा शेतकरी मात्र आपलीं अवजारें देवळाच्या दाराशीं ठेवून आंत येई व ओठही न हालवितां वेदीकडे पाहात बसे. त्या अडाणी माणसाची प्रार्थना गुरूंनीं जन्मभर इतरांस उदाहरण म्हणून सांगितली.

परंतु प्रार्थनेचें फळ लगेच हातीं आलें, असें कोणीं समजूं नये. ज्यांच्या करमणुकी बंद झाल्या ते चिडले. गांवांतील एका अविवाहित मुलीस मूल झालें, तेव्हां त्याचा आळ गुरूंवर घालण्यांत आला. त्यांच्या घराच्या दारावर घाण फासली गेली. शेजारच्या धर्मगुरूंनीं तर हा मनुष्य अज्ञानी व अतिरेकी आहे, असा तक्रारअर्ज बिशपांसाठीं तयार केला. तो फिरत फिरत चुकून व्हियानी यांच्याच हातीं आला. त्यांनीं तो वाचला आणि खालीं आपलीही सही करून पुढें धाडून दिला. ही नुसती विनोदबुद्धि नव्हती. अर्जांतील मजकूर खरा आहे, असें त्यांस मनापासून वाटत होतें.

पुढें फळ आलें, तेंही असें आलें कीं त्याच्या भारानें झाड वांकलें. दूरदूरचे यात्रेकरू पापनिवेदनासाठीं लोटूं लागले. उन्हाळ्यांत दिवसाचे सोळा सोळा तास ते त्या लाकडी खोपट्यांत बसून असत. १८४५ पासून आठ वर्षें साहाय्यक असलेले आबे रेमों त्यांस चारचौघांत टाकून बोलत; तरी त्यांस काढून टाका असें कोणीं सुचविलें, कीं व्हियानी त्यांचीच बाजू घेत. या साऱ्यांत एकांत उरला नाहीं. आपल्या अज्ञानानें इतके आत्मे बुडतील, या भीतीनें त्यांची झोंप उडाली. कुठें तरी मठांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडावें, अशी परवानगी त्यांनीं वारंवार मागितली. बिशपांनीं ती नाकारली.

१८४० मध्यें ते रात्रीं गुपचूप निघाले व थोड्याच अंतरावरून परतले. १८४३ मध्यें मोठ्या दुखण्यांतून उठल्यावर ते दार्दिलीस भावाच्या घरीं गेले. यात्रेकरू तेथेंही जाऊन पोंचले, आणि आठवडाभरांत ते आर्सला आले. १८५३ च्या सप्टेंबरांत गांवकऱ्यांनीं मध्यरात्रीं घंटा बडवून लोक जमविले. कोणीं त्यांचें ब्रेव्हियरी काढून घेतलें, कोणीं वाट अडविली. ते मुकाट्यानें मागें फिरले व पुन्हां पापनिवेदन ऐकण्यास बसले.

कांहीं चरित्रकार या पलायनांस सैतानाचा मोह म्हणून मोकळे होतात. आम्हांस तेवढ्यानें समाधान होत नाहीं. बदलीचा अर्ज लिहून तो टेबलाच्या खणांत ठेवून देणारे धर्मगुरु आमच्या पाहण्यांत आहेत. एके वर्षीं आम्हीही त्यांतलेच होतों. मोह तर होताच, पण त्याखालीं खरी तहानही होती. प्रार्थनेस वेळ हवा म्हणून ते निघत. तो वेळ त्यांस कधींच मिळाला नाहीं. मिळाली ती दोन पापनिवेदनांमधली क्षणभराची सवड, आणि तेवढ्यांतच ते देवाशीं बोलून घेत.

१८५९ चा जुलै महिना अति उष्ण होता. २९ तारखेस नेहमींप्रमाणें दिवसभर पापनिवेदन ऐकून ते घरीं आले आणि अंथरुणास खिळले. तेव्हां मात्र पळून जाण्याची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं. ४ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजतां, ७३ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. त्यांचें शरीर आजही आर्स येथेंच आहे.