जेतपूरचे आदमजी : पेढीपासून गिरणीपर्यंत

भारतीय उद्योजकवर्गाचा इतिहास आपल्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत साधारणतः पारशी, मारवाडी आणि गुजराती वाणी या तीन नावांपाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. खोजा व बोहरा यांचा ओझरता उल्लेख येतो. मेमनांचा तेवढाही येत नाही. मुंबईकरांस मेमनवाडा ठाऊक असतो, भायखळ्याकडील साबू सिद्दिक यांच्या नावाची शिक्षणसंस्था ठाऊक असते. परंतु या समाजातील अत्यंत मोठे उद्योगपती, सर आदमजी हाजी दाऊद, यांचे नाव फाळणीनंतर आपल्याकडे फारसे कोणी घेतले नाही. त्याचे कारण उघड आहे. हे नाव मुस्लिम लीगच्या खजिन्याशी जोडलेले आहे. राजकीय राग समजण्याजोगा असला, तरी त्यापायी या उपखंडातील भांडवलाच्या इतिहासाचे एक बोधप्रद प्रकरण आपण न वाचताच मिटून ठेवले, असे म्हणणे प्राप्त आहे.

मेमन हे मूळचे सिंधमधील ठठ्ठा परिसरातील लोहाणा, पंधराव्या शतकात इस्लाम स्वीकारलेले, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांतील काही कच्छात स्थिरावले, काही काठेवाडातील हालार प्रांतात. त्यावरून कच्छी मेमन व हालाई मेमन असे भेद पडले. धर्म बदलला तरी बोली सिंधी-कच्छीच्या वळणाची राहिली आणि व्यवहाराच्या जुन्या रीती सहजी सुटल्या नाहीत. कच्छी मेमनांना वारसाहक्कापुरता तर हिंदू कायदाच लागू होता; १९२० व १९३८ सालच्या कायद्यांनी तो बदलला. घरातील पैसा एकत्र ठेवावा, नव्या मुलाला जातभाईच्या पेढीवर उमेदवारीस धाडावे, आणि परमुलखात शब्दाला कागदाइतकी किंमत असावी, ही व्यापारी समाजाची शिस्त हिंदू वाण्याइतकीच मेमनांतही मुरलेली होती.

आदमजींचा जन्म १८८० साली, भादर नदीकाठच्या जेतपूर या गावी, हालाई मेमनांच्या एका साधारण व्यापारी घरात झाला. त्या काळचे काठेवाड म्हणजे दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांची गोधडी. पाऊस बेभरवशाचा आणि गावागणिक सरहद्द बदलणारी. अशा मुलखात व्यापार वाढून वाढणार किती? म्हणून जेतपूर, धोराजी, बांटवा, कुतियाणा या गावांची मुले मिसरूड फुटण्याआधीच बंदराकडे निघत. कोणी दरबान गाठी, कोणी मुंबई, कोणी रंगून. आदमजी रंगूनला गेले. शाळेचे शिक्षण बेताचेच होते. पुढे या माणसाने शिक्षणासाठी मुक्तहस्ते दान केले, त्याचे मूळ या उणिवेत असावे, असे मला वाटते.

रंगून तेव्हा ब्रह्मदेशातील असूनही निम्म्याहून अधिक भारतीय वस्तीचे शहर होते. इरावतीच्या खोऱ्यातील तांदूळ तेथून जगभर जाई. तांदळाला पोती लागतात, पोत्यांचे बारदान कलकत्त्याहून येते, आणि घरोघर चूल पेटवायला काडेपेटी लागते. आदमजींच्या व्यापाराच्या या तीन जिनसा, तांदूळ, बारदान व काडेपेटी, अशा एकात एक गुंतलेल्या होत्या. पहिल्या महायुद्धात बारदानाची मागणी अफाट वाढली, कारण खंदकांत रचल्या जाणाऱ्या वाळूच्या थैल्याही तागाच्याच. युद्ध संपले तेव्हा काठेवाडचा हा तरुण व्यापारी मोठ्या भांडवलाचा धनी झाला होता.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९२२ साली हिंदुस्थान सरकारने आयात काडेपेट्यांवरील जकात वाढवून ग्रोसला दीड रुपया केली. हेतू महसुलाचा होता. परिणाम मात्र संरक्षक जकातीचा झाला. स्वीडन व जपानचा माल महागला. ब्रह्मदेशात लाकडाला तोटा नव्हता. आदमजींनी रंगूनला काडेपेटीचा कारखाना उभारला. स्वीडनच्या बलाढ्य कंपनीनेही हीच संधी हेरून आपल्या अंबरनाथेत ‘विमको’चा कारखाना काढला, हे महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. जागतिक मक्तेदारीच्या या स्पर्धेत जी थोडी देशी नावे उभी राहिली, त्यांत आदमजींचे नाव ठळक होते.

त्यानंतर त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कलकत्त्यास तागाची गिरणी काढली. हे धाडस मोठे होते. हुगळीकाठचा ताग-उद्योग स्कॉटिश व्यवस्थापकीय कंपन्यांची जहागीर होती; बिर्ला आणि इंदूरचे हुकुमचंद यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिला पहिले खिंडार पाडले होते. आदमजींनी सार्वजनिक भागभांडवल उभारून त्याच वाटेने प्रवेश केला. व्यापारी उद्योगपती होतो तेव्हा नेमके काय बदलते, हे विद्यार्थ्यांना समजावून देताना मी हेच उदाहरण घेतो. पेढी रातोरात उठवता येते. तिची वही, तिची पत आणि तिचा गुमास्ता गाडीत बसून दुसऱ्या गावी जातो. गिरणी जागची हलत नाही. तिला जमीन लागते, मजूर लागतात, आणि सगळ्यांत अधिक म्हणजे सरकार लागते.

हा धडा आदमजींना रंगूनमध्येच मिळाला. १९३० व १९३८ साली तेथे भारतीयांविरुद्ध दंगे झाले, १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला, आणि १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले. लाखो भारतीय आराकानच्या व आसामच्या डोंगरवाटांनी पायी परतले. आदमजींचा चार दशकांचा ब्रह्मी पसारा हातचा गेला. कलकत्त्याची गिरणी होती म्हणून घर तरले.

मधल्या काळात १९३८ साली ते ‘सर’ झाले होते, जिनांच्या निकट आले होते आणि मेमन मुलांच्या शिक्षणासाठी पैसा ओतत होते. लीगला त्यांनी दिलेल्या साहाय्यामागे धर्मभावना होती, यात शंका नाही. पण त्याबरोबर एक आर्थिक हिशेबही होता. इंग्रज कंपन्या आणि मारवाडी भांडवल यांच्या कचाट्यातून सुटून मुसलमान व्यापाऱ्यास स्वतःचा बाजार, स्वतःची बँक, स्वतःची वाहतूक हवी होती. १९४६ साली निघालेली ओरिएंट एअरवेज आणि १९४७ च्या जुलैत कलकत्त्यास नोंदलेली मुस्लिम कमर्शियल बँक, या दोन्ही उपक्रमांत आदमजी होते.

येथेच माझा त्यांच्याविरुद्धचा आक्षेप आहे. राजकारणी माणसाला ताग म्हणजे काय हे ठाऊक नसेल, आदमजींना होते. उपखंडातील सुमारे तीन चतुर्थांश ताग पूर्व बंगालच्या शेतांत पिकत होता आणि शंभराहून अधिक गिरण्यांपैकी एकही तेथे नव्हती. जी रेषा ते मागत होते ती शेत आणि माग यांच्या मधून जाणार, हे त्यांच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणास दिसावयास हवे होते? रेषा पडली. १९४९ च्या सप्टेंबरात भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन देशांतील तागाचा व्यापार जवळजवळ ठप्प झाला. एका बाजूला माग थांबले, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा ताग पडून राहिला.

हे पाहण्यास आदमजी राहिले नाहीत. नव्या राष्ट्राच्या मध्यवर्ती बँकेच्या उभारणीच्या खटपटीत असताना २७ जानेवारी १९४८ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले. तिसऱ्या दिवशी दिल्लीत दुसरा एक काठेवाडी गेला. पाकिस्तानला देणे असलेले ५५ कोटी रुपये त्याच्या उपोषणाच्या दिवसांत नुकतेच मोकळे झाले होते.

मुलांनी वडिलांचा व्यवसाय पुढे चालविला. नारायणगंजला, शीतलक्षा नदीच्या काठी, सरकारी औद्योगिक विकास महामंडळाच्या भागीदारीत त्यांनी तागाची गिरणी बांधली. १९५१ साली ती सुरू झाली आणि पुढे जगातील सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली गेली. भांडवल कराचीचे, ताग बंगाली शेतकऱ्याचा, मजुरांत एक हिस्सा बिहारातून आलेल्या निर्वासितांचा. १९५४ च्या मे महिन्यात तेथे बंगाली व बिगरबंगाली कामगारांत दंगल उसळून शेकडो माणसे मारली गेली, आणि महिना संपण्यापूर्वी फजलुल हक यांचे प्रांतिक मंत्रिमंडळ बरखास्त झाले. १९६८ साली महबूब-उल-हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाने देशातील दोनतृतीयांश उद्योग २२ घराण्यांच्या हाती असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांत आदमजींचे घराणे होतेच. लोकसंख्येत टक्क्याचा अंशही नसलेल्या हालाई मेमनांकडे पाकिस्तानच्या खासगी उद्योगाचा सुमारे चौथा हिस्सा होता, असे १९५९ सालची पाहणी दाखवते. या यशाचे कौतुक करताना पूर्व बंगालच्या मनात साचत गेलेला राग विसरता येत नाही.

बांगलादेश झाला. १९७२ साली नारायणगंजची गिरणी राष्ट्रीयीकृत झाली. १९७४ साली भुट्टो सरकारने पाकिस्तानातील बँकांबरोबर मुस्लिम कमर्शियल बँकही घेतली. रंगून गेले, कलकत्ता सुटले, नारायणगंज गेले. पन्नास वर्षांहून कमी काळात एका घराण्याने तीन ठिकाणी तीन वेळा पाया घातला, आणि तिन्ही वेळा तो सरहद्दीने गिळला. कराचीतील विमा कंपनी, ढाका व कराचीतील महाविद्यालये आणि उर्दू-बंगाली लेखकांसाठी सुरू केलेले पारितोषिक यांतून नाव तेवढे चालत राहिले.

सरकारी मालकीत नारायणगंजची गिरणी वर्षानुवर्षे तोट्यात गेली. प्लास्टिकच्या पिशवीने बारदानाचा बाजार खाल्ला होता, त्यात व्यवस्थापनाची अनास्था भरीस पडली. ३० जून २००२ रोजी ती बंद झाली. सुमारे पंचवीस हजार कामगार एका दिवसात घरी बसले. त्यांतील कित्येकांनी जेतपूरचे नाव कधी ऐकलेही नसेल. २००६ साली त्याच जागेवर निर्यात-प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. तेथे परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जातात, आणि त्या क्षेत्राला आजही आदमजींचेच नाव आहे.